ठाणे जिल्ह्याचा भूगोल, इतिहास व खानेसुमारी

गतवर्षी पावसाळा सरल्यावर शहापूर व मुरबाड तालुक्यांतील काही शेतकरी बंधू सारसोळ्यास आमच्या घरी आले होते. जेवणे आटोपल्यावर त्यांस गाव दाखविण्यासाठी आम्ही बाहेर पडलो. देऊळ पाहिले, कोळीवाडा पाहिला, खाडीवरील धक्का पाहिला. परतताना त्यांपैकी एक वयस्क गृहस्थ थांबून म्हणाले, "भाऊसाहेब, गाव पाहिलं, पण तुमची शेतं राहिली की दाखवायची." आम्ही बोट केले तेथे सात मजल्यांची इमारत उभी होती. पाहुण्यांस ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे त्यांस समजावून सांगण्यास आम्हास रात्रीचे अकरा वाजले. तेव्हा जे सांगितले तेच येथे जरा व्यवस्थेने मांडीत आहो.

आम्हा महसुली खात्यातील मंडळींस कोणत्याही जागेची हकीगत चतुःसीमेपासून सांगण्याची सवय असते. ठाणे जिल्ह्याच्या चतुःसीमा आजमितीस येणेप्रमाणे आहेत : पूर्वेस सह्याद्रीचा कडा व त्यापलीकडे पुणे आणि अहिल्यानगर हे जिल्हे, उत्तरेस व ईशान्येस पालघर आणि नाशिक, दक्षिणेस रायगड, पश्चिमेस मुंबई उपनगर व ठाण्याची खाडी. उघडा समुद्र म्हणावा तर तो उत्तन-भाईंदरच्या बाजूसच उरला आहे. तालुके सात : ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर व मुरबाड. क्षेत्रफळ ४,२१४ चौरस किलोमीटर.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी इयत्ता तिसरीत जिल्ह्याचा भूगोल पाठ केला असेल, त्यांस हा जिल्हा ओळखू येणार नाही. तो दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. डहाणूचे चिकू, वसईची केळी, जव्हारचे जंगल हे सारे त्या वेळी ठाण्याच्या नावावर असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पंधरांपैकी आठ तालुके तिकडे गेले. परंतु ही काटछाट पहिली नव्हे. १८६९ साली कुलाबा जिल्हा ठाण्यातून निराळा काढण्यात आला. १८८३ साली पनवेल तिकडे जोडले. १९२० साली साष्टी तालुक्याचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा केला. १९६० साली राज्याची वाटणी होताना उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. सामाईक खाते असलेल्या घरात दर पिढीस एक हिस्सा फुटून निघावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून ठाणे जिल्ह्याचा कोणताही जुना आकडा वाचताना तो कोणत्या हद्दीचा, हे आधी विचारावे. अनेक विद्वानांचेही येथे पाऊल घसरते.

जमिनीची ठेवण म्हणाल तर पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत आलेली. सह्याद्रीच्या पायथ्याची मुरबाड-शहापूरची वरकस माळे व भाताची खाचरे, मधल्या पट्ट्यात उल्हास नदीचे खोरे, आणि पश्चिमेस खाडीचा सपाट, खारा काठ. उल्हास नदी खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते. बारवी, भातसा, काळू यांचे पाणी तिला मिळते व कल्याणावरून ती वसईच्या खाडीस जाते. ह्या जिल्ह्याच्या पाण्याविषयी एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, पुढे भातसा धरण झाले. दोन्ही शहापूर तालुक्यात, दोन्हींचे पाणी मुंबईस जाते, व मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातशाचा आहे. त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात पाण्याचा टँकर येतो. पाहुण्यांनी आमची शेते विचारली, आम्ही त्यांचे पाणी विचारले, फिटंफाट झाली.

पारसिकच्या डोंगराने कल्याणचे खोरे व खाडीचा काठ निराळे केले आहेत. डोंगर व खाडी यांच्यामधली दिघ्यापासून बेलापुरापर्यंतची चिंचोळी पट्टी हीच बेलापूर पट्टी. नेरूळ, सारसोळे, जुईनगर, वाशी, कोपरखैरणे ही सर्व त्याच पट्टीत येतात. वस्ती मुख्यतः आगरी व कोळी. आगर म्हणजे मीठ पिकविण्याची अथवा खारीची जागा. तीवरून आगरी हे नाव पडले असे सांगतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. उत्तर कोकणावर शिलाहार राजे राज्य करीत, त्या वेळी ठाण्याचे नाव स्थानक असे होते. त्यांच्या ताम्रपटांत ह्या मुलखाचे वर्णन चौदाशे गावांचा देश असे येते. एक हजार वर्षांपूर्वीही मुलूख मोजावयाचा तो गावांनी, ही गोष्ट आमच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अंबरनाथचे शिवालय त्याच काळचे, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांचा शेवट केला. पुढे गुजरातच्या सुलतानाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांचा अंमल साष्टीवर दोनशे वर्षे टिकला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. तेव्हापासून पेशवाई बुडेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांवर, आमच्या काठास पेशव्यांचा अंमल व समोर साष्टीवर कंपनीचा अंमल, अशी स्थिती होती. १८५३ च्या १६ एप्रिलास बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली. ती खाडीच्या त्या तीरास. आमच्या तीरास आगगाडी येण्यास आणखी एकशे एकोणचाळीस वर्षे लागली.

राजे व तह पुस्तकांतून मिळतात. ज्या कामाने हा काठ तयार झाला, ते मात्र पुस्तकांत फारसे मिळत नाही. ते काम म्हणजे खारबंदिस्ती. घाटावरील वाचकांस ह्याची कल्पना नसेल, म्हणून विस्ताराने लिहितो.

खाडीच्या भरतीचे पाणी जेथवर चढते, तेथवर तिवरांनी भरलेले चिखलाचे खाजण असते. अशा खाजणाभोवती चिकण मातीचा बांध घालून भरती अडवावयाची. खाडीच्या अंगास लाटेचा मार बसतो तेथे दगड रचावयाचे. पण पाणी केवळ अडवून भागत नाही. पावसाचे पाणी आतून बाहेर गेले पाहिजे, नाही तर क्षार धुऊन निघत नाहीत. ह्याकरिता बांधात उघाडी ठेवीत. उघाडीस लाकडी झडप असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. हे यंत्र चालविण्यास मनुष्य लागत नाही, तेल लागत नाही. मात्र त्यात एखादा ओंडका अडकला व रात्रीची उधाणाची भरती आली, म्हणजे सकाळी शेतात जिताडे पोहत असत.

बांध घातल्यावर पहिली दोन-तीन वर्षे पीक धरीत नाही. पावसाने क्षार धुऊन गेल्यावर भात टाकावयाचे, तेही गोड्या जमिनीप्रमाणे राब भाजून आवण लावून नव्हे. अति खाऱ्या खाचरात कोवळा रोप टिकत नाही, म्हणून बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकीत. ह्यास रहू म्हणतात. जात राता, तांदूळ लाल, जाड, चवीस गोड, व खाऱ्या पाण्यास दाद न देणारा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशाच जुन्या जातींतून निवड करून काळा राता व भुरा राता हे वाण दिले आणि पुढे पनवेल ह्या नावाचे सुधारलेले वाणही काढले. दिवाळीनंतर भात निघाले की जमीन तापते, खालचा क्षार वर चढतो व माघात खाचरे पांढरी दिसू लागतात. दुसरे पीक नाही. मग माणसे मिठागरात जात, नाहीतर बांधाच्या डागडुजीस लागत.

बांधास खेकडे पोखरतात. बीळ वेळीच बुजविले नाही तर तेथून पाझर, पाझरातून ओघळ, व ओघळातून खांड पडते. एक खांड पडली व एका उधाणाचे पाणी आत शिरले, की ती जमीन पुन्हा दोन-तीन वर्षे गेली. बांध एकाच्या शेतापुरता नसतो. शंभर खातेदारांचे शेत एकाच बांधाच्या आड असते. ह्यामुळे घरटी एक मनुष्य बांधावर आलाच पाहिजे, असा गावाचा दंडक असे. आमचे वडील सांगत की भाऊबंदकीत बोलणे बंद असलेली माणसेसुद्धा खांड पडल्याची हाक ऐकून एकाच पाटीतून माती टाकीत. हॉलंड देशात जवळजवळ चौथाई भूमी समुद्राच्या पातळीखाली आहे, व ती राखण्यासाठी तेथील लोकांनी सातशे-आठशे वर्षांपूर्वीपासून पाणीमंडळे स्थापून, निवडणुका घेऊन व बांधपट्टी बसवून कारभार चालविला आहे. आमच्याकडे ही व्यवस्था कागदावर नव्हती, गावाच्या जिभेवर होती. जुन्या जमाबंदीत अशा जमिनीस शिलोत्री हे नाव आढळते. ज्याने स्वखर्चाने खार काढली त्याच्याकडे जमीन व बांध राखण्याची जबाबदारी, असा त्याचा मथितार्थ. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला, तेव्हा हे काम प्रथम रीतसर सरकारच्या हाती आले.

त्याच १९४८ साली कुळकायदाही झाला, आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. बेलापूर पट्टीतील पुष्कळ खारी सावकारांच्या नावे होत्या व कसणारा निराळा होता; त्याचे नाव त्या दिवसानंतर कब्जेदाराच्या रकान्यात आले. ही मालकी किती वर्षे उपभोगावयास मिळाली, ती पाहा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली व त्याच वर्षी ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादन करण्याच्या अधिसूचना निघाल्या. म्हणजे तेरा वर्षे. पिढ्यान्‌पिढ्या खार राखली, मालक झाले, आणि थोरला मुलगा बांधावर जाण्याच्या वयाचा होतो तोच जमीन गेली.

आता खानेसुमारीकडे वळतो. १९०१ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८ लक्ष ११ हजार होती, आणि ती तत्पूर्वीच्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी किंचित घटली होती; त्या दशकात प्लेग व दुष्काळ दोन्ही येऊन गेले. त्या वेळी साष्टी ह्याच जिल्ह्यात होती. साष्टीचा मोठा भाग गेल्यावरही १९६१ साली आकडा १६ लक्ष ५२ हजार झाला. साठ वर्षांत दुप्पट. पुढचे आकडे सावकाश वाचावेत. १९७१ : २२ लक्ष ८१ हजार. १९८१ : ३३ लक्ष ५१ हजार. १९९१ : ५२ लक्ष ४९ हजार. २००१ : ८१ लक्ष ३१ हजार. २०११ : १ कोटी १० लक्ष ६० हजार. ह्या शेवटच्या आकड्याने ठाणे हा साऱ्या हिंदुस्थानात सर्वांत अधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर निघून गेल्यावर अर्ध्याहून कमी जमीन ठाण्याकडे राहिली, पण माणसे राहिली ८० लक्ष ७० हजार, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश.

चाळीस वर्षांत पाचपटीच्या घरात गेलेली ही वाढ पाळण्यांतून झालेली नाही, हे सांगणे नकोच. मुंबईच्या बेटावर जागा संपली व जो लोंढा थांबेना तो रेल्वेच्या दोन फाट्यांनी इकडे आला. १९४९ साली सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. भिवंडीस यंत्रमाग आले. अंबरनाथ व डोंबिवलीस कारखाने आले. १९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायनांचे कारखाने उभे राहिले. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ साली मानखुर्दाहून वाशीस व पुढल्या वर्षी नेरूळवरून बेलापुरास आगगाडी आली. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या हद्दीत २००१ साली ७ लक्ष ४ हजार व २०११ साली ११ लक्ष २० हजार माणसे मोजली गेली. २०२१ ची खानेसुमारी झालीच नाही. पुढील खानेसुमारीसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरविण्यात आला आहे.

ह्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यात २०११ साली सुमारे ३ लक्ष १४ हजार व मुरबाड तालुक्यात सुमारे १ लक्ष ९० हजार माणसे होती. दोन्ही मिळून जिल्ह्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकी. जमीन मात्र दोहोंची मिळून जिल्ह्याच्या अर्ध्याहून अधिक. जेथे जमीन पुष्कळ व माणसे थोडी, तिकडे शहराची दृष्टी जाते. १९७० साली ती आमच्याकडे वळली होती. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तो शहापूर तालुक्यातून भिवंडीकडील आमण्यापर्यंत जातो. खाडीपलीकडे पनवेलजवळील विमानतळाचे उद्घाटन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झाले. ज्या पाहुण्यांनी आमची शेते विचारली, त्यांच्या एका शेजाऱ्याच्या बांधास लागूनच रस्ता गेला आहे.

म्हणून आमच्या गावाचा हिशेब एकदा गुंठ्यांत मांडून दाखवितो. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यामुळे पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड देण्याची योजना आली. आता एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, जमीन गेली असे धरा. साडेबारा टक्क्यांनी पाच गुंठे होतात. त्यांतून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा. दीड गुंठा गेला, उरले साडेतीन गुंठे. खातेदाराचे चार मुलगे असले तर प्रत्येकी चौदा आणे जमीन. त्या चौदा आण्यांची किंमत चाळीस गुंठे भातशेतीपेक्षा अधिक झाली हेही आम्ही प्रामाणिकपणे लिहितो. कित्येकांनी त्यावर घरे बांधली, मुले शिकविली. कित्येकांनी विकासकास सही करून दिली, गाडी घेतली, आणि आता तिच्यावर भाड्याचे प्रवासी वाहतात.

पण ज्यांस चौदा आणेही वेळेवर मिळाले नाहीत अशीही घरे आहेत, व त्यांतील पुष्कळांचे कारण दप्तरात होते. आमच्या नोकरीत एका कचेरीत आम्ही अशी प्रकरणे हाताळली. संपादनाच्या वेळी सात-बारावर आजोबांचे नाव; आजोबा वारून तीस वर्षे झालेली; मधल्या पिढीची वारसनोंद नाही; आत्यांची नावे कोठेच नाहीत. भरपाईचा निवाडा मयताच्या नावे निघाला. मग वारस दाखले, हरकती, दिवाणी दावा. एका घरातील दावा चालला तोवर त्या घरातील तीन वादी वारले, व त्यांच्या वारसांची नोंद करण्याचे नवे काम आमच्याकडेच आले. त्या दिवशी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या म्हातारीने विचारले होते, "भाऊसाहेब, आता तरी मी जिवंत आहे ना कागदावर?" आम्हास उत्तर देण्यास आकारबंद, जुने फेरफार व कुळाचे रजिस्टर असे तीन गठ्ठे सोडावे लागले.

तेव्हा वरच्या तालुक्यांतील सभासदांनी आपला सात-बारा व आठ-अ एकदा घरी सर्वांसमक्ष वाचावा. कोणी वारले असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत हक्काची वर्दी तलाठ्याकडे द्यावयाची असते; तीन वर्षे झाली असली तरी आज द्यावी. लेकीबहिणींची नावे लावावीत. न लावल्याने हिस्सा वाचत नाही, फक्त दावा लांबतो. कुळकायद्याने मालकी झाली असल्यास खरेदीची रक्कम भरल्याचे प्रमाणपत्र घरात आहे काय, पाहावे. वहिवाटीच्या वाटा, विहिरी, झाडे ह्यांची नोंद पाहावी, कारण भरपाई नोंदीवर मिळते, सावलीवर मिळत नाही.

आणि गावठाण मोजून घ्यावे. आमच्या पट्टीत शेते गेली, गावठाणे राहिली. परंतु ती जुन्या वस्तीइतकीच राहिली. मुले मोठी झाली, लग्ने झाली, घराबाहेर पडवी, पडवीवर मजला असे करीत घरे गावठाणाच्या रेषेबाहेर गेली, व गरजेपोटी बांधलेली घरे असे एक प्रकरण उत्पन्न झाले. त्याविषयी शासनाने वेळोवेळी निर्णय काढले, तरी आजही आमच्याकडे तीन माणसे बसली की बोलणे त्यावरच येते. गावठाणातील घरास सात-बारा नसतो, हे शहाण्या माणसांसही ठाऊक नसते. २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम चालले आहे. आपल्या गावी ती मोजणी येईल त्या दिवशी घरधन्याने शेतावर जाऊ नये.

सारसोळ्याची आजची स्थिती सांगून हे टिपण पुरे करतो. गाव नेरूळच्या वसाहतीच्या मध्यभागी आले आहे. गाव व खाडी यांच्यामधून पाम बीच नावाचा रुंद रस्ता जातो. रस्त्यापलीकडे खारफुटी आहे, तिची तोड मुंबईच्या उच्च न्यायालयाने २००५ साली मना केली. ठाण्याच्या खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, व २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आला. हिवाळ्यात गुलाबी पक्षी पाहण्यास दुरून लोक येतात. कोळीवाड्यातील मंडळी अद्याप होड्या काढतात. बोय, निवटे, चिंबोरी मिळतात. जिताडा मिळाला तर तो घरी न खाता विकतात, इतका त्याला भाव आहे. शेती कोणीच करीत नाही. आमच्या वडिलांची उघाडी होती तो बांध भरावाखाली गेला. तिची लाकडी झडप मात्र त्यांनी काढून आणली होती. ती आमच्या परसात भिंतीस टेकून उभी आहे. त्या दिवशी पाहुण्यांस ती दाखविली, तेव्हा मुरबाडच्या त्या वयस्क गृहस्थांनी हाताने वर-खाली करून पाहिली व बिजागरी अजून कशी चालते ते विचारले.